मुलांच्या बागेचा माळी : फ्रीड्रिख फ्रोबेल



आपल्या पुष्कळ खेड्यांत आज अंगणवाडी आहे, आणि शहरांत जागोजागी बालवाड्या आहेत. ह्या दोन्ही शब्दांच्या शेवटी वाडी आहे. वाडी म्हणजे झाडांची बाग, हे कोकणातील मनुष्यास समजावून सांगावे लागत नाही. परंतु लहान मुलांच्या शाळेला बागेचे नाव कोणी व का दिले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. मुले फुलांसारखी गोजिरवाणी असतात म्हणून हे नाव पडले असेल, असे पुष्कळांस वाटते. ते कारण अगदी खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. ज्या मनुष्याने आपल्या शाळेस मुलांची बाग हे नाव पहिल्याने दिले, त्याच्या शाळेत खरोखरीची माती होती, वाफे होते, बी होते, आणि लहान लहान मुले आपल्या हातांनी ते बी पेरून त्याचे फूल होईपर्यंत त्याची निगा राखीत असत. त्या मनुष्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

फ्रीड्रिख फ्रोबेल ह्यांचा जन्म जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात ओबरवाइसबाख नावाच्या डोंगराळ खेड्यात २१ एप्रिल १७८२ रोजी झाला. वडील लुथरन मंडळीचे पाळक होते. सहा-सात खेडी आणि सुमारे पाच हजार माणसे एवढा पसारा त्यांच्या एकट्याच्या अंगावर होता. सकाळपासून रात्रीपर्यंत ते लोकांच्या सुखदुःखात गुंतलेले असत, आणि घरातील सर्वांत धाकट्या मुलाकडे पाहावयास त्यांस सवड नसे. आमच्या वाचकांत जे पाळक व उपदेशक आहेत, त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

फ्रीड्रिख नऊ महिन्यांचा असतानाच त्याची आई वारली. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला. नवी आई आरंभी त्याच्यावर माया करी, व मुलगाही तिला बिलगे; परंतु तिला स्वतःचा पुत्र झाल्यावर तिचे मन फिरले. घरातल्या लेकराशी बोलावे तसे ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. परक्याविषयी बोलावे तसे ती त्याच्याविषयी बोले. वडिलांनी त्याला वाचावयास शिकविण्याचा प्रयत्न केला, पण अक्षरे त्याच्या डोक्यात लवकर शिरेनात. तेव्हा हा मुलगा मंद आहे असा त्यांचा ग्रह झाला. घराभोवती भिंती व कुंपणे होती, शेजारी उंच मंदिर होते, आणि त्या आवाराबाहेर जाण्याची मुलास मनाई होती. त्या आवारात मात्र एक लहानशी बाग होती. एकटा पडलेला तो मुलगा तासन् तास तेथे बसून झाडांकडे पाहत राही. मनुष्यांनी ज्याला मंद ठरविले होते, त्याला पाने व फुले ह्यांत कोणी कमी लेखीत नव्हते.

ह्याच काळातील एक प्रसंग त्यांनी म्हातारपणापर्यंत विसरला नाही. घरी वडिलांपुढे गावातील कज्जे येत, आणि त्यांतले पुष्कळ नवराबायकोच्या भांडणाचे असत. ते ऐकून मुलाचे मन गोंधळून गेले. देवाने मनुष्यांत स्त्री व पुरुष असा भेद केलाच कशाला, असे त्याला वाटू लागले. त्याचा वडील भाऊ क्रिस्टोफ तेव्हा घरी आला होता. हेझल नावाचे एक झुडूप तिकडे होते. त्याच्या कळ्यांतून बाहेर आलेले जांभळट तंतू पाहून फ्रीड्रिख हरखून गेला होता. क्रिस्टोफने त्याला समजावून दिले की, फुलांतही नर व मादी असा भेद आहे; झुपक्यांनी लोंबणारी फुले नर, आणि हे तंतू असलेली इवलीशी कळी मादी; दोहोंच्या योगाने फळ धरते, व फळातून पुन्हा नवे झुडूप होते. मुलाच्या मनावरचा भार उतरला. ज्या गोष्टीची त्याला लाज व भीती वाटत होती, तीच सर्व सृष्टीत सुंदर रीतीने चालली आहे, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाजवळ बसून त्याला एक कळी दाखविली, एवढेच तेथे घडले. पण पुढील साऱ्या कार्याचे बीज त्यात होते.

दहाव्या वर्षी त्याच्या मामांनी त्याला आपल्या घरी नेले. मामाही श्टाटइल्म येथे मंडळीचे अधिकारी होते. पण त्यांच्या घरी दारे उघडी होती. तेथे फ्रीड्रिखला सवंगडी मिळाले, ओढे व शेते मिळाली, आणि जो मुलगा घरी खोटारडा व हट्टी म्हणून गणला जात असे, तो तेथे विश्वासू व आनंदी झाला. मूल तेच होते, केवळ जमीन बदलली होती. 

पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला एका वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारीस ठेविले. त्या गृहस्थास रानाची माहिती पुष्कळ होती, परंतु ती दुसऱ्यास देण्याची हातोटी नव्हती, व वेळही नव्हता. तेव्हा मुलाने त्याच्या घरातील पुस्तके वाचून काढिली, शेजारच्या गावातील एका वैद्याकडून वनस्पतिशास्त्राची पुस्तके मागून आणिली, आणि दोन वर्षे रानात हिंडून झाडे, शेवाळ व फुले आपणच ओळखण्यास शिकला. उमेदवारी संपताना वनरक्षकाने वडिलांस तक्रारीचे पत्र धाडिले, आणि घरी ते खरे मानले गेले. पुन्हा एकदा क्रिस्टोफच त्याच्या बाजूने उभा राहिला.

पुढे येना येथील विद्यापीठात तो शिकावयास गेला. पण हाती पैसा नव्हता, कर्ज झाले, आणि त्या कर्जापायी विद्यापीठाच्या बंदिखान्यात त्याला सुमारे नऊ आठवडे काढावे लागले. १८०२ साली वडील वारले. त्यानंतर तीन वर्षे कधी कारकुनी, कधी जमिनीची मोजणी, अशी कामे करीत तो फिरला. १८०५ साली घरे बांधण्याची विद्या शिकण्यासाठी तो फ्रांकफुर्ट येथे आला. तेथे ग्रूनर नावाचे मुख्याध्यापक पेस्टालोझी ह्या थोर शिक्षकाच्या पद्धतीची शाळा चालवीत. त्यांनी ह्या तरुणास आपल्या शाळेत शिकविण्यास सांगितले. वर्गात पाऊल ठेविताच आपले काम आपणास सापडले, अशी त्याची खात्री झाली. इमारतींचा विचार सुटला तो कायमचाच.

थोड्याच दिवसांनी फ्रोबेल ह्यांनी एका श्रीमंत कुटुंबातील तीन मुलांचे शिक्षण पत्करले. त्या मुलांच्या वडिलांनी त्यांस शेताचा एक तुकडा बागेसाठी दिला. मुले तेथे खणीत, पेरीत, पाणी घालीत आणि पिकलेले आईबापांस भेट म्हणून नेऊन देत. पुस्तकाने जे होत नव्हते ते मातीने होत आहे, हे फ्रोबेल ह्यांनी तेथे पाहिले. ह्याच मुलांस घेऊन ते १८०८ ते १८१० पर्यंत स्वित्झरलंडात पेस्टालोझी ह्यांजवळ राहिले.

१८१३ साली नेपोलियनाविरुद्ध युद्धात ते स्वयंसेवक म्हणून गेले. तेथे लांगेटाल व मिडेनडोर्फ नावाचे ईश्वरविद्येचे दोन विद्यार्थी त्यांस भेटले. हे दोघे त्यांचे जन्माचे सोबती झाले. त्याच वर्षी क्रिस्टोफ, जो तेव्हा ग्रीसहाइम येथे पाळक होता, आजारी शिपायांची शुश्रूषा करिता करिता ज्वराने मरण पावला. मागे विधवा व तीन मुलगे राहिले. फ्रोबेल युद्धानंतर बर्लिन येथील खनिजांच्या संग्रहालयात चांगल्या कामावर होते. परंतु ज्या भावाने आपणास कळी दाखविली, त्याची मुले उघडी पडली आहेत, हे त्यांच्याने पाहवेना. त्यांनी नोकरी सोडिली, आणि १८१६ साली क्रिस्टोफची तीन व दुसऱ्या भावाची दोन अशा पाच मुलांस घेऊन ग्रीसहाइम येथे शाळा उघडली. दुसऱ्या वर्षी ती कायलहाउ ह्या खेड्यात नेली. तेथे चांगले दिवस आले तसे वाईटही आले. काही वर्षांनी सरकारचा संशय व पैशाची ओढ ह्यांमुळे मुलांची संख्या पाच-सहावर आली. तथापि १८२६ साली मनुष्याच्या शिक्षणाविषयी त्यांनी आपला मुख्य ग्रंथ लिहिला, आणि प्रत्येक मुलाची स्वतःची लहानशी बाग असावी, असे त्यात आवर्जून सांगितले.

नंतर स्वित्झरलंडात बुर्गडोर्फ येथील अनाथालयाचे काम पाहत असता त्यांच्या लक्षात आले की, शाळेत येण्यापूर्वीच्या वर्षांत मुलाची जी हेळसांड होते, ती पुढे भरून काढणे फार कठीण जाते. ह्यास्तव सर्वांत लहान मुलांपासूनच आरंभ केला पाहिजे. आपले वय पन्नाशीपुढे गेले असता, आणि पत्नी आजारी असता, त्यांनी १८३७ साली थुरिंगियातील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांचे काम सुरू केले. दोन वर्षांनी पत्नी निवर्तली. पण काम थांबले नाही. त्या संस्थेस नाव काय द्यावे हे बरेच दिवस त्यांस सुचत नव्हते. १८४० साली वसंत ऋतूत मिडेनडोर्फ व बारोप ह्या मित्रांबरोबर डोंगर ओलांडून येत असता, खालचे खोरे बागेसारखे पसरलेले पाहून, त्यांना एकाएकी ते नाव सापडले असे बारोप ह्यांनी नमूद केले आहे. ते नाव किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग.

आता ही बाग कशी होती ते सांगतो. कारण चरित्रातील मुख्य गोष्ट हीच आहे. फ्रोबेल ह्यांनी तिची रचना लिहून ठेविली आहे. मधोमध मुलांचे वाफे, प्रत्येकाचा वेगळा, आणि त्यावर त्या त्या मुलाच्या नावाची पाटी. जागा थोडी असेल तर दोघांत एक वाफा, म्हणजे एकमेकांस सांभाळून घेण्याची सवय लागते. भोवताली सर्वांचे मिळून सामाईक वाफे. त्यांपैकी काहींत फुलझाडे, काहींत धान्ये, कडधान्ये, कंद व भाज्या, आणि प्रत्येकावर त्याच्या नावाची पाटी. जे एकट्याचे आहे त्याला सर्वांचे मिळून असलेले कुंपण करिते, असा त्या मांडणीचा अर्थ होता. सामाईक वाफ्यांत शिक्षकाच्या सांगण्याप्रमाणे रीतीने काम करावयाचे. परंतु स्वतःच्या वाफ्यात मुलाने काय पेरावे व कसे वागावे, ह्याची त्याला मोकळीक असे. त्याने निष्काळजीपणा केला तर रोप मरे. आणि त्या मेलेल्या रोपापासून मूल जे शिके, ते शिक्षकाच्या रागावण्यापासून शिकले नसते.

वाचकहो, ही मोकळीक देणे सोपे नाही. लहान मुलाने बी पेरिले म्हणजे दुसऱ्या दिवशी ते उकरून पाहावे असे त्याला वाटते. शिक्षकास वाटते, त्याचा हात धरावा, किंवा रात्री गुपचूप दुसरे बी पुरून ठेवावे. ह्यांतले काहीच करू नये, हे ह्या पद्धतीचे मर्म आहे. एक बी उकरून वाया गेले तर जाऊ द्यावे. उकरलेले बी वाळते आणि न उकरलेले शेजारचे उगवते, हे मुलाने पाहिले म्हणजे धीर धरणे काय असते ते त्याला कळते. मुलाने पेरावे, पाणी घालावे, तण काढावे. पण उगवणे हे त्याच्या हाती नाही, आणि शिक्षकाच्याही हाती नाही. जो ही गोष्ट शिकला, त्याला प्रभूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला निराळा समजावून द्यावा लागत नाही.

फ्रोबेल ह्यांचे उरलेले आयुष्य सुखाचे गेले नाही. ब्लांकेनबुर्ग येथील बाग काही वर्षांनी पैशाअभावी बंद पडली. त्यांनी गावोगाव फिरून मातांस व तरुण स्त्रियांस ही पद्धती शिकविली. १८४९ साली ते लीबेनश्टाइन येथे आले. तेथे खेड्यातील मुलांबरोबर गाणी म्हणत व उड्या मारीत त्यांस खेळताना पाहून लोक त्यांस वेडा म्हातारा म्हणू लागले. मारेनहोल्ट्झ-ब्यूलो नावाच्या एका सरदार घराण्यातील बाईने मात्र तो खेळ थांबून पाहिला, त्याचा अर्थ ओळखला, आणि आपले पुढील आयुष्य ह्या कार्यास दिले. १८५० साली जवळच्या मारिएनथाल येथे स्त्रीशिक्षकांची शाळा स्थापन झाली.

मग शेवटचा घाव बसला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने आपल्या राज्यातील सर्व बालोद्याने बंद करण्याचा हुकूम काढिला. ही शाळा मुलांस नास्तिक करिते, असा आरोप होता. फ्रोबेल ह्यांचा कार्ल नावाचा एक पुतण्या होता. त्याच्या पुस्तिकेतील मते चुलत्याच्या माथी मारली गेली. ज्या मनुष्याच्या साऱ्या लिखाणात ईश्वराचे नाव भरलेले आहे, त्याच्यावर हा आरोप यावा, ह्याचे त्यांस अतोनात दुःख झाले. खुलासा केला, राजाकडे अर्ज केला. उपयोग झाला नाही. त्यांचे सर्वच धर्मविचार आपल्या मंडळीतील प्रत्येकास पटतील असे आम्ही म्हणत नाही. पण ते नास्तिक नव्हते.

१८५२ च्या एप्रिलात त्यांस सत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मुलांनी व शिष्यांनी फुले आणून तो दिवस साजरा केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ जून १८५२ रोजी, मारिएनथाल येथे त्यांनी देह ठेविला. शेवटच्या दुखण्यात त्यांनी खिडकी उघडी ठेवावयास लाविली, आणि आपल्या फुलांची काळजी घ्या व तणही राखा, कारण त्याच्यापासूनही आपण पुष्कळ शिकलो, असे जवळच्यांस सांगितले, असे म्हणतात. श्वाइना येथे त्यांची कबर आहे. ज्या तीन लाकडी आकारांनी मुले त्यांच्याजवळ खेळत, तो घन, ती नळकांडी व तो गोल, हेच दगडाचे करून तिच्यावर बसविले आहेत.

बंदी १८६० साली उठली. ते पाहावयास फ्रोबेल राहिले नव्हते. पण तोपर्यंत त्यांचे शिष्य देशोदेशी पांगले होते. १८५६ साली अमेरिकेत वॉटरटाउन येथे मार्गारेटे शुर्झ ह्या बाईने असे पहिले बालोद्यान चालविले. पुढे तीस वर्षांनी आपल्याच महाराष्ट्राच्या पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि फिलाडेल्फिया येथे त्यांनी ह्या पद्धतीचा मनःपूर्वक अभ्यास केला. १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडताना ती विद्या त्यांच्या पदरी होती. थुरिंगियाच्या एका पाळकाच्या घरी आईवाचून वाढलेल्या मुलाचे विचार अशा रीतीने आपल्या देशातील निराधार मुलीबाळींपर्यंत आले.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या अंगणवाडीला, शब्बाथ शाळेला किंवा घराला अंगण आहे. पण मुलाचा वाफा आहे काय? हे काम करण्यास पैसा लागत नाही. पहिला पाऊस पडून वाफसा झाला म्हणजे प्रत्येक मुलास हातभर जागा द्यावी, व मूठभर श्रावणघेवडा. थोडे दाणे ओल्या फडक्यात किंवा काचेच्या पेल्यात कडेला ठेवावे, म्हणजे मातीखाली काय चालले आहे ते दिसेल. दाणा पाणी पिऊन फुगतो, साल फाटते, पहिल्याने मूळ निघते, आणि दाणा कसाही ठेविला तरी ते खालीच वळते. मग वाकलेली मान वर काढून अंकुर दोन डाळी मातीबाहेर आणितो. ह्या डाळी म्हणजे रोपाची शिदोरी; ती सरत जाते तशा त्या सुकतात, आणि तोवर हिरवी पाने आपले अन्न आपण करू लागतात. शेजारी हरभरा ठेवावा, म्हणजे त्याच्या डाळी खालीच राहतात हा फरक मुले स्वतः शोधून काढतील. सुमारे दीड महिन्याने घेवड्यास फूल येते, फुलाच्या जागी शेंग दिसते, आणि वाळलेल्या शेंगेत पेरिला तसलाच दाणा पुन्हा सापडतो. एकाचे अनेक झालेले.

कुंपणावर भोपळ्याचा वेल असेल तर क्रिस्टोफने दाखविलेली गोष्टही दाखविता येईल. काही फुलांच्या खाली इवलासा भोपळा असतो, काहींच्या खाली नुसता देठ. पहिले मादी, दुसरे नर. मधमाशी एकातून दुसऱ्यात पराग नेते, तेव्हा भोपळा धरतो. न नेल्यास तो पिवळा पडून गळतो. मुलास हे कोवळ्या वयात, स्वच्छ मनाने, आपल्या माणसाच्या तोंडून कळणे बरे.

आणि एक शेवटची गोष्ट. आपल्या मंडळीत एखादे मूल असेल, ज्यास अक्षरे येत नाहीत म्हणून आपण मागे बसविले आहे. किंवा ज्याची आई नाही. किंवा ज्याचे वडील दुसऱ्यांच्या लेकरांची काळजी वाहण्यात गुंतल्यामुळे आपल्या लेकराकडे पाहत नाहीत. कदाचित ते मूल आपल्याच घरी असेल. येत्या पावसात पहिला वाफा त्याला द्यावा, पाटीवर त्याचे नाव लिहावे, आणि आठवड्यातून एकदा तरी त्याच्याजवळ जमिनीवर बसून काय उगवले ते त्याच्या तोंडून ऐकावे.